तुंगार्लीला गेलेले दहा डोस

रत्ना, तू गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता ही कधीच सांगणार नाही.

शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी तुझा सिस्टरच्या गणवेशातला जुना फोटो टाकला होता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी चौथीच्या वर्गात शुद्धलेखन घालत होते. मीही एक हात जोडलेलं चित्र टाकलं, फोन पिशवीत ठेवला आणि पुढचं वाक्य सांगितलं. एक मुलगी म्हणाली, बाई, हे वाक्य तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि मुलांना मैदानात सोडलं.

त्या एका दिवसाला पाच वर्षं होत आली. इतकी वर्षं मी तुझ्यावर संशय धरून होते, आणि तो असा अंगवळणी पडला होता की तू गेल्यावर मला पहिली रुखरुख लागली ती त्याचीच. खरं सांगायचं तर तुझ्यासाठी शोक करायला मला दोन-तीन दिवस लागले. रागावू नकोस. तू फारशी रागवायची नाहीसच, आणि तेही मला संशयास्पद वाटायचं.

आपली ओळख झाली ती लसीमुळेच. गोवराची लस द्यायला तू आमच्या शाळेत आलीस. मुलं ओसरीच्या खांबाला मिठ्या मारून रडत होती. तू पहिल्या मुलाला तेराचा पाढा म्हणायला लावलास. तेरा चोक म्हणून तो अडला आणि तू टोचलंस. रडू सुईचं की पाढ्याचं, हे त्याला कळायच्या आत तो दाराबाहेर होता. सगळी शाळा तू अशीच टोचलीस. जाताना मला म्हणालीस, "बाई, तेराच्या पाढ्याकडे जरा लक्ष द्या." मी चिडले. मग हसले. पुढच्या आठवड्यात मळवली स्टेशनवर तू भेटलीस आणि गाडी येईपर्यंत आपण अहो-जाहो सोडून 'अगं'वर आलो होतो.

तुझे मालक गेलेले, लेक प्रज्ञा लहान, तू लोणावळ्यात एका खोलीत राहायचीस. दुपारी जमेल तेव्हा आपण एकत्र जेवायचो, कधी शाळेत, कधी तुझ्या आरोग्य केंद्रात. तुझी जवळ्याची चटणी मी माझ्या घरी कधीच मिळणार नाही अशा हावरटपणानं खायचे. आणि एकदा मी तुला आमच्या घरी नेलं. आईनं चहा केला. आम्हा सगळ्यांना पेले दिले आणि तुला मांडणीच्या खालच्या कप्प्यातला कप. तू चहा प्यालीस, कप मोरीत नेऊन विसळलास, पालथा घातलास आणि आईच्या पाया पडून निघालीस. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी माझ्या भाकरीवर चटणी वाढलीस, आणि मी ठरवून टाकलं की तुझ्या लक्षात आलं नसणार. असं ठरवणं मला चांगलं जमतं.

महामारीच्या दुसऱ्या वर्षी लस आली तेव्हा शिक्षकांना नोंदणीच्या कामाला लावलं. मला तुझंच केंद्र मिळालं. तू टोचायचीस, मी शेजारच्या टेबलावर नावं, वयं, आधार कार्डं. आपल्या दोन खुर्च्यांच्या मध्ये हातभर अंतर होतं. हे अंतर पुढे फार महत्त्वाचं ठरलं, म्हणून सांगते.

सुरुवातीला लस होती आणि माणसं नव्हती. हे आता कुणाला आठवत नाही, किंवा आठवायचं नसतं. उन्हाचा चटका वाढत होता आणि तू छत्री घेऊन माणसं बोलवायला लोहगडवाडीपर्यंत चढून जायचीस. एके दिवशी मीही तुझ्याबरोबर आले. माझा धाकटा भाऊ संपत तिथं गडावर येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी आणि ताकाचा ठेला चालवायचा. त्याची पंचेचाळिशी नुकतीच उलटली होती, म्हणजे तो लसीत बसत होता. त्यानं आपल्याला ताक दिलं आणि लस नको म्हणाला. "पयलं तुमच्या सायेबांनी टोचून घेऊ द्या सिस्टर, मंग आमी बगू."

"साहेबांनी कधीच घेतली संपत," तू म्हणालीस. "सगळ्यांच्या आधी त्यांनीच घेतली."

तो हसला. पुन्हा सगळं बंद व्हायच्या आत चार रविवार मिळतायत, ते करून घेतो, मग येतो म्हणाला. लस घेतलेल्याचा हात आठ-आठ दिवस उचलत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बाकीच्यांनी त्याहून वाईट ऐकलं होतं. त्या दिवशी केंद्रात तीनच माणसं आली. बाटली एकदा उघडली की चार तासांत दहाच्या दहा डोस संपवावे लागायचे, नाहीतर फेकायचे. तू सात डोस फेकून दिलेस आणि बाहेर पायरीवर येऊन बसलीस. मी म्हटलं, जाऊ दे, लोकांना नको तर आपण काय करणार. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "संपतला तू का नाही गं सांगितलंस? मी एकटीच बोलत होते."

तेव्हा ठेल्यावर मी ताक पीत होते. खरं म्हणजे मलाही थोडी भीतीच वाटत होती, आणि भावाला आग्रह करून काही बरंवाईट झालं तर कमलला काय तोंड दाखवू, असं वाटत होतं. कमल म्हणजे त्याची बायको.

मग महिनाभरात सगळं उलटं झालं. गावागावांतून माणसं जायला लागली. ज्यांनी तुला छत्रीसकट परत पाठवलं होतं ते पहाटे केंद्राच्या फाटकाशी येऊन चपला रांगेत ठेवायला लागले. आणि आता लस नव्हती. एक दिवस यायची, तीन दिवस नाही. त्यात तरुणांना मोबाइलवरून वेळ घ्यायची सोय झाली. आमच्या खेड्यात रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागतं. पुण्यातली पोरं घरी बसून आपल्या केंद्रातल्या जागा मिनिटभरात घ्यायची आणि गाड्या काढून यायची. मी यादीतले पत्ते वाचायचे, कोथरूड, बाणेर, वाकड, आणि फाटकाबाहेर आपली माणसं ऐकत उभी असायची. एक म्हातारा म्हणाला, "दवाखाना आमचा, आन् टोचून जातंय पुणं." त्याला तू खुर्ची दिलीस. लस देता आली नाही.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. मला कुणीतरी एक माणूस हवा होता ज्याला दोष देता येईल. रोज संध्याकाळी मी नवा धरायचे. लस बनवणारी कंपनी, दिल्ली, मुंबई, मोबाइलवरची ती यादी, जिल्ह्याहून डबे आणणारी गाडी. तू वैतागायचीस. म्हणायचीस, "मला सकाळी फोन येतो, आज चार बाटल्या. काल शून्य का होत्या आणि आज चारच का, हे मी विचारलं होतं एकदा. समोरचा म्हणाला, सिस्टर, मलाही वरूनच कळतं."

"वर म्हणजे कुठे?"

"ते त्यालाही माहीत नव्हतं."

मला हे पटायचं नाही. मला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू लपवतेस. खात्यातली माणसं एकमेकांना धरून असतात, असं मी तुला तोंडावर म्हणाले. तू म्हणालीस, मग शिक्षक काय करतात? आपण हसलो, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येते. इतकी वर्षं मी तो दिवस मनात उलटून-पालटून पाहिलाय, तरी लिहिताना वाटतंय की एखादी गोष्ट मी माझ्या सोयीनं विसरले असेन.

चार बाटल्या आल्या होत्या. चाळीस कागदी चिठ्ठ्या वाटल्या. संपत पहाटे पाचला येऊन उभा होता. वाडीतले दोघं शेजारी गेल्यावर कमलनं त्याला अक्षरशः ढकलून पाठवलं होतं. त्याला चौतीस नंबर मिळाला. माझी ओळख वापरून त्याला पुढे घेता आलं असतं. मी घेतलं नाही, आणि त्याचा मला त्या सकाळी अभिमान वाटत होता.

अकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी थेट आवारात आली. त्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन आला होता. ते पोरसवदा, कंत्राटावरचे. फोनवर बोलताना ते उठून उभे राहिले होते, हे मी पाहिलं. मग ते तुझ्याजवळ येऊन हळू काहीतरी बोलले. तू मान हलवून नाही म्हणालीस. ते पुन्हा बोलले. तू फ्रीजमधून एक बाटली काढलीस, लसीच्या निळ्या डब्यात ठेवलीस, सुया घेतल्यास आणि गाडीत बसलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझ्या जागी दुसरी सिस्टर येऊन बसली. तिसावी चिठ्ठी झाली आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन साठा संपल्याचं सांगितलं.

दहा माणसं उरली होती. ती ओरडली नाहीत. फक्त चिठ्ठ्या हातात धरून उभी राहिली, जणू थोडं थांबलं तर चालेल. संपत माझ्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "आक्का, चाळीस म्हनले व्हते ना?" मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल, पुढच्या वेळी तुझा पहिला नंबर. तो गाडीला किक मारून गेला. पुढची लस अकरा दिवसांनी आली. तेव्हा संपतला ताप येऊन तीन दिवस झाले होते.

तू दोनला परत आलीस. तुला सोडायला आलेला ड्रायव्हर केंद्राच्या शिपायाला लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या तळ्याजवळच्या बंगल्याचं काहीतरी सांगत होता, ते मी ऐकलं. संध्याकाळी मी तुला विचारलं. "आज नको विचारू," तू म्हणालीस. "आज मला घरी जाऊ दे." मी दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग संपतसाठी दवाखान्यात खाट शोधण्यात सगळं वाहून गेलं. तळेगाव, पिंपरी, शेवटी कुठेतरी मिळाली. तू त्या दिवसांत मला कितीदा फोन केलास, ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी किती जणांना गाठलंस, हेही मला माहीत आहे. आणि तेव्हाही मी मनात म्हणत होते, आता कशाला धडपडते ही?

संपत गेला. चेहरा दाखवला नाही आम्हाला.

एका डोसानं तो वाचला असता का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, एका डोसाला तेवढे दिवस मिळायला हवे होते. उलट त्या दिवशीच्या रांगेतच त्याला लागण झाली असेल, असंही मला रात्रंदिवस वाटत राहिलं. पहाटे पाचपासून गर्दीत उभं राहून त्यानं लस नाही, रोग घरी नेला असेल. मग दोष कुणाचा? ज्यानं फोन केला त्याचा, की जिनं त्याला ढकलून पाठवलं त्या कमलचा, की चार रविवार मागणाऱ्या संपतचाच? हे सगळं फार अवघड होतं. तू सोपी होतीस. तुला मी गाडीत बसताना बघितलं होतं.

गावालाही तू सोपी वाटलीस. कुणी म्हणालं सिस्टरनं डोस विकले. कुणी म्हणालं, ह्या लोकांना खुर्ची मिळाली की असंच व्हायचं. 'ह्या लोकांना' म्हणजे कुणाला हे सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. कमल तर उठता-बसता तुला शिव्याशाप द्यायची, माझ्या घरी, माझ्यासमोर, आणि मी भाजी निवडत ऐकायचे. आईच्या मांडणीतला कप तेव्हा कितीदा आठवायला हवा होता. एकदाही आठवला नाही. आज लिहिताना आठवला.

मग एका वार्ताहरानं बंगल्यातल्या लसीची बातमी छापली. नावं नव्हती, पण चौकशी लागली. दोन माणसं शाळेत आली, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली, मला बोलावलं. कागद टाइप करूनच आणला होता. लस नोंदणीच्या क्रमानं दिली गेली, केंद्राबाहेर लस नेल्याचं मी पाहिलेलं नाही, असं त्यात होतं. त्यातला एकजण फार गोड बोलत होता. म्हणाला, "बाई, तुमच्या घरात नुकतं दुःख झालंय. तुम्हाला जास्त त्रास द्यायचा नाही. आणि तुमच्या मैत्रिणीचं पण ह्यात भलं आहे." मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. माझ्या बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून होता.

मी सही केली.

का केली, हे मी स्वतःला दोन तऱ्हांनी सांगत आले. एक म्हणजे, मी तुला वाचवलं. संपतच्या बहिणीनं, जिचा सगळ्यात जास्त हक्क होता तिनं, तुझ्याविरुद्ध तोंड उघडलं नाही. केवढा मोठेपणा. दुसरं म्हणजे, मला हवी असलेली बदली. मी नेहमी पहिलं कारण पुढे ठेवलं. तुझी मात्र महिन्याभरात बदली झाली, पार भीमाशंकरच्या बाजूला, जिथं एसटी दिवसातून दोनदा जाते. मी मनात म्हटलं, माझ्या सहीमुळे एवढ्यावर सुटली. आणि निरोपालाही आले नाही.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो, लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर. तू बारीक झाली होतीस, केस पांढरे ठेवले होतेस. कमलची आणि पोरांची चौकशी केलीस. मी तुटक उत्तरं दिली. तुझी गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून तू वळलीस आणि विचारलंस, "उज्ज्वला, तो कागद तू वाचून सही केलीस की न वाचता?"

"कुठला कागद?" मी म्हणाले.

तू क्षणभर थांबलीस. मग वर चढलीस. खिडकीतून हात केलास. मी घरी जाईपर्यंत हाच विचार करत होते की हिला माझ्या सहीचं कुणी सांगितलं, आणि आता ही मला कशात तरी गुंतवणार. तू 'वाचून' की 'न वाचता' यातलं काय ऐकायला थांबली होतीस, हे मला सुचलंसुद्धा नाही.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी मी सुदुंबऱ्याला प्रज्ञाच्या घरी गेले. तुझं पुण्यानुमोदन होऊन गेलं होतं. मुद्दाम नंतर गेले, गर्दीत कुणी काही विचारू नये म्हणून. प्रज्ञाचा नवरा कंपनीत गेला होता. घराबाहेर कोथिंबिरीचा वाफा होता, तो तूच केलास म्हणाली. रिटायर झाल्यावर तू शेजारच्या बायकांचे रक्तदाब मोजत बसायचीस, हेही तिनं सांगितलं. सकाळी दूध तापवताना तू खाली बसलीस आणि उठली नाहीस, हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले. तिनं मला पाणी दिलं.

मी इतकी वर्षं न विचारलेलं तिला विचारलं. आई कधी त्या बंगल्याबद्दल काही बोलली का? मला वाटलं होतं ती गप्प होईल, नाहीतर चिडेल. ती म्हणाली, "बोलली काय, चौकशीत लिहूनच दिलं होतं तिनं." आतून एक पिशवी आणली. त्यातल्या कागदावर तुझं अक्षर होतं, रेघेवर बसवलेलं, रजिस्टरात असायचं तसं.

रत्ना, खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात आलं, हा कागद नंतर तर लिहिलेला नाही? मी खालची पोच बघितली. शिक्का होता. माझ्याकडे ती माणसं आली त्याच्या चार दिवस आधीचा. मग वाचला. गाडीचा नंबर होता. बंगला कुठे ते होतं. तू डॉक्टरांकडे लेखी आदेश मागितलास, ते म्हणाले तोंडीच आहे, माझी नोकरी जाईल, हे होतं. तिथं तू दहा जणांना टोचलंस आणि त्यातला एकजण वीस-बावीस वर्षांचा होता, कुठेच नाव नसलेला, हेही होतं. आणि खाली, 'बाहेर चिठ्ठ्या घेतलेली दहा माणसे उभी असताना मी गेले, ही माझी चूक आहे.' फोन कुणाचा होता हे डॉक्टरांनी तुला सांगितलं नव्हतं. तिथं तू तसंच लिहिलं होतंस. माझा जुना संशय इथं पुन्हा मान वर काढतो, की तुला माहीत असणार. पण आता मी स्वतःलाच विचारते, बाई गं, तुझ्या हातात आणखी काय द्यायला हवं होतं तिनं?

प्रज्ञा म्हणाली, "आईला त्यांनी परत बोलावलं होतं. म्हणाले, तुमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी लिहून दिलंय, असं काही घडलंच नाही. मग खोटं कोण बोलतंय? म्हणाले, अर्ज मागे घ्या. आईनं घेतला नाही. मग तिकडं टाकली तिला."

मी विचारलं, त्या बाई कोण ते आईनं सांगितलं नाही?

"नाही. मी लई भांडले तिच्याशी त्यावरून. ती म्हणायची, तिचा भाऊ गेलाय, तिच्यावर आणखी नको." मग तिनं माझ्याकडे बघितलं. तुझ्यासारखीच बघते, सरळ. "मावशी, तुम्ही तर तिथंच होता कामाला. तुम्हाला ठाऊक असेल ना त्या कोण?"

माहीत नाही, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते नेहमीच तयार असतं. शिवाय तिला अजून नीट कळलेलं नव्हतं, किंवा कळलं असून ती मला संधी देत होती, हेही मी त्याच वेळात तोलून पाहिलं. मग मी म्हणाले, "मीच ती. कागद वाचून सही केली होती."

चहाचं आधण उकळून वर आलं तेव्हा ती उठली, गॅस बंद केला, मला चहा आणून दिला. पेला होता, सगळ्यांसारखा. मी तो कसा संपवला मला माहीत नाही. निघताना ती म्हणाली, "आता लिहून द्याल?" मी म्हटलं, देईन. "द्या मग," ती म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

दिलं, रत्ना. पुण्याला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन दिलं. तिथल्या कारकुनानं वाचलं आणि म्हणाला, बाई, आता ह्याचा काय उपयोग, सगळे बदलून गेले, कुणी रिटायर झाले. मी म्हटलं, पोच द्या. त्यानं दिली. फोन कुणाचा होता, त्या फोनला कुणाचा फोन आला होता, बाटल्या चारच का होत्या, हे त्यात नाही, कारण मला माहीत नाही. मी हयातभर शोधलं तरी त्या साखळीचं टोक माझ्या हाती लागेल असं वाटत नाही. माझी कडी कुठे होती तेवढं लिहिलंय.

कमलला सांगणं त्याहून कठीण गेलं. लोहगडवाडीला गेले. ती ठेल्यावर भाकऱ्या थापत होती. संपतनंतर तिनंच तो चालवला. मी सगळं सांगितलं, पांढऱ्या गाडीपासून कागदापर्यंत. ती थापायची थांबली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "म्हंजे पाच वर्सं मी त्या बाईला शिव्या घालत व्हते, आन् तुमी समूर बसून ऐकत व्हता?"

"व्हय," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून तसा 'व्हय' आला.

"जावा आक्का आता," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं यायची वेळ झालीय."

याला तीन आठवडे झाले. ती माझ्याशी बोललेली नाही. माझ्या भाच्यानं एवढंच सांगितलं की परवाच्या रविवारी, ऐन गर्दीच्या दिवशी, तिनं ठेला बंद ठेवला, टोपलंभर नाचणीच्या भाकऱ्या बांधल्या आणि एकटी एसटीनं सुदुंबऱ्याला गेली. पत्ता तिनं कुणाला विचारला ते त्यालाही माहीत नाही. संध्याकाळी मला प्रज्ञाचा फोन आला. म्हणाली, कमलमावशी आल्या होत्या, आत्ताच गाडीत बसवून आले. दुपारपासून आम्ही दोघी बोलत बसलो होतो.

काय बोललात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. माझ्याबद्दलच बोलल्या असणार. मी विचारलं नाही. गाडीत बसायला जागा मिळाली ना तिला, एवढं विचारलं. मिळाली म्हणाली. खिडकीची.